कागदांची आगोट: कोकणातल्या घरात दस्तऐवज कसे जपावेत

मे संपत आला की आमच्याकडे आगोटीची धांदल सुरू होते. लाकडं पडवीत रचायची, सुकी मासळी डब्यात भरायची, कौलं परतून घ्यायची, पागोळ्यांखाली झावळ्यांची झड बांधायची. चार महिने पुरेल इतकी बेगमी करायची हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. राहतात ते कागद. ते माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत वर्षानुवर्षं पडून असतात आणि ऐन ऑगस्टात कोणाच्या तरी जातपडताळणीला पणजोबांचा शाळेचा दाखला लागतो. ट्रंक उघडावी तर दाखल्याचे चार तुकडे आणि तुकड्यांमधून पळणारी कसर.

माझ्या हाती घरची ट्रंक आली ती वडील गेल्यावर. मला काहीच कळत नव्हतं, त्यामुळे बऱ्याच चुका करून झाल्या. कोणी मुंबईहून निवृत्त होऊन गावी परततं, कोणावर भावंडांनी मिळून कागद सोपवलेले असतात, कोणी नुकतीच इकडे वाडी घेतलेली असते. अशा पहिल्यांदाच पेटी उघडणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी मुहूर्त

गणपतीत सगळे चाकरमानी घरी असतात, म्हणून तेव्हाच पेटी उघडायचा मोह होतो. उघडू नका. भाद्रपदात हवेत इतकी ओल असते की कागद नुसता बाहेर ठेवला तरी तासाभरात मऊ पडतो. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रणच, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती कित्येक दिवस 85-90 च्या खाली येत नाही. वर्षाला 3,000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात राहतो आपण. पुण्याच्या मंडळींनी सांगितलेले उपाय इथे चालत नाहीत ते यामुळे.

तेव्हा गणपतीत फक्त बोलणं करा. कोणाकडे कुठला कागद आहे, मुंबईच्या खोलीत काय आहे, बँकेत गहाण काय आहे, हे वहीत लिहून घ्या. पेटी दिवाळीनंतर उघडा. कोरडा वारा सुटतो, ऊनही फार तापत नाही. तेव्हा जमलं नाही तर शिमग्यानंतर, पण वळवाच्या आधी.

तीन ढीग

ओटीवर सतरंजी घाला, पंखा बंद करा आणि कागदांचे तीन ढीग करा. जमिनीचे वेगळे, शाळेचे वेगळे, असे विषयवार ढीग नकोत. प्रश्न एकच विचारायचा: हा कागद उद्या गेला, तर परत मिळेल का?

पहिला ढीग, परत न मिळणाऱ्यांचा. नोंदणी न केलेलं मृत्युपत्र. भावाभावांत झालेल्या तोंडी वाटपाची याद, खाली सह्या-अंगठे. खंडाच्या, म्हणजे कुळाने मालकाला दिलेल्या भाड्याच्या, जुन्या पावत्या. मोडीतली खतं आणि कबुलायती. बंद पडलेल्या शाळेचा दाखला. हा ढीग लहान असतो आणि बहुतेक वेळा सर्वांत वाईट अवस्थेत असतो, कारण त्यातलं काय वाचायचं हेच कोणाला माहीत नसतं आणि म्हणून कोणी त्याला हातही लावलेला नसतो.

दुसरा ढीग, नक्कल मिळते पण चपला झिजवाव्या लागतात अशांचा. नोंदणीकृत खरेदीखत, बक्षीसपत्र, मोजणीच्या नकाशाची क-प्रत, जुने फेरफार (सातबाऱ्यावरची नावं कशी बदलली त्याच्या नोंदी), जन्म-मृत्यूचे जुने दाखले, गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि त्याची वैधता. खरेदीखत हरवलं म्हणून मालकी जात नाही. नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 57 नुसार दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून प्रमाणित नक्कल मिळते. त्यासाठी दस्ताचा क्रमांक आणि वर्ष हाताशी हवं, निदान सूची क्रमांक 2 तरी. म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो तो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. पण बँकेला कर्जासाठी मूळ दस्तच हवा असतो. तो हरवला असेल तर पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, प्रतिज्ञापत्र अशी वरात निघते.

तिसरा ढीग, बसल्या जागी मिळणाऱ्यांचा. आजचा सातबारा, आठ-अ (एका खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा), आधार, पॅन, वाहन परवाना. सातबाऱ्याच्या कागदाची मोठी काळजी करण्याचं कारण उरलेलं नाही. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा 15 रुपयांत मिळतो आणि तो सरकारी कामाला चालतो. फुकट दिसणारा बिनस्वाक्षरीचा उतारा फक्त बघण्यापुरता. तो छापून कोणाला देऊ नका, काउंटरवरून परत पाठवतात.

मात्र 'सातबारा ऑनलाइन आहे ना, मग काय' असं म्हणून जुने हस्तलिखित उतारे जाळणारे लोक मी पाहिले आहेत. आजच्या उताऱ्यावर आजची नावं असतात. तुमच्या पणजोबांचं नाव कधी लागलं, कुठल्या फेरफाराने लागलं, कूळ म्हणून कोणाचं होतं, हे जुन्या उताऱ्यांवर आणि फेरफारांवर असतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मिळते हे खरं, पण फेरफार क्रमांक माहीत असला तर एका दिवसाचं काम आणि नसला तर तीन महिन्यांचं.

दोन कागदांपाशी जरा थांबतो, कारण कोकणात यांच्यावाचून फार जणांचं अडतं.

एक, 32 म चं प्रमाणपत्र. आपल्या कोकणाला लागू असलेला कुळकायदा 1948 चा. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन, त्या दिवशी कायद्याने बहुतेक कुळांना मालक मानलं. पुढे 32 ग खाली किंमत ठरली, ती भरल्यावर 32 म चं प्रमाणपत्र मिळालं, आणि खरेदीचा निर्णायक पुरावा म्हणून तेच धरलं जातं. खोती आणि कुळांचा हा मुलूख, तेव्हा हा कागद हजारो घरांत असायला हवा. असतो बऱ्याचदा आजोबांच्या पाकिटात, आठ घड्या घालून. सापडला तर पहिल्या ढिगात टाका, नक्कल मिळत असली तरी.

दुसरा, शाळेचा जुना दाखला. जातपडताळणीत इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबा-पणजोबांचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा गाव नमुना 14, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्याची नक्कल. नातीच्या प्रवेशासाठी पणजोबांच्या चौथीच्या दाखल्याची किंमत काय असते ते ज्याच्यावर वेळ आली त्याला विचारा. तो दाखला घरात एकाच शाखेकडे असतो. चुलतभावांना त्याची चांगली प्रत आताच देऊन टाका. नंतर अबोला झाला तरी कागद अडत नाही.

साफसफाई, आणि काय करायचं नाही

टाचण्या, यू-पिना, स्टेपल काढा. खाऱ्या वाऱ्यात त्यांना दोन पावसाळ्यांत गंज चढतो आणि तो कागदात उतरतो. तांबूस डाग पडतो, पुढे तिथेच भोक. नख किंवा बोथट सुरी घालून हळू उचला. कागद एकत्र ठेवायचे तर सुती दोरा किंवा कोर्टातल्यासारखी हिरवी टॅग. रबरबँड नको, तो वितळून चिकटतो.

धूळ मऊ कोरड्या ब्रशने, मधून कडेकडे. हुंगून बघा. कुबट वास येत असेल तर बुरशी आहे, भले डोळ्यांना दिसत नसेल. असे कागद बाकीच्यांपासून वेगळे करून दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्याला ठेवा. उन्हात नाही. उन्हाने बुरशी मरते तशी शाईही उडते.

घड्या सरळ करताना जबरदस्ती नको. सरळ होईना तर तशीच घडी ठेवून फोटो काढा आणि पुढे जा.

फाटलेल्याला सेलोटेप लावू नका. पाच-सात वर्षांत टेप पिवळी पडते, कागद तिथे तपकिरी होतो आणि अक्षर दिसेनासं होतं.

आणि लॅमिनेशन. ही माझी स्वतःची चूक. आजोबांच्या नावचा एक जुना दस्त जीर्ण झाला होता म्हणून मी मोठ्या कौतुकाने एका दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणला. चकचकीत दिसला. पुढे एका कामात तो दाखवायला गेलो तर शिक्क्याचा उठाव लागेना, मागचा मजकूर धूसर झालेला, आणि साहेबांना मूळ कागद हाताला लागायला हवा होता. लॅमिनेशनच्या उष्णतेने प्लॅस्टिक कागदाच्या अंगात उतरतं, ते परत निघत नाही. आत ओल अडकली असेल तर बुरशी आतल्या आत वाढते, काचेतल्या माशासारखी, तुम्ही नुसती बघत बसायची. मूळ दस्त, दाखला, गुणपत्रिका, काहीही लॅमिनेट करू नका. करायचंच असेल तर झेरॉक्सला करा.

प्रती: झेरॉक्स म्हणजे नक्कल नव्हे

नव्या माणसाचा इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून आधी शब्द.

झेरॉक्स ही नुसती छायाप्रत. तिच्यावर तुम्ही 'मूळ प्रतीप्रमाणे खरी' असं लिहून सही-तारीख टाकली की स्वसाक्षांकित प्रत. शाळा, बँक, बहुतेक सरकारी अर्ज यांना ती चालते. नोटरीने मूळ कागद पाहून सही-शिक्का मारला की नोटरी केलेली प्रत. तिने झेरॉक्स मुळाबरहुकूम आहे एवढंच कळतं, मूळ कागद खरा आहे असं नोटरी सांगत नसतो. आणि ज्या कार्यालयाच्या दप्तरात मूळ नोंद आहे त्याच कार्यालयाने सही-शिक्क्यानिशी दिलेली ती प्रमाणित नक्कल. मूळ हाती नसताना कोर्टात उभी राहते ती ही शेवटची. म्हणून दुसऱ्या ढिगातल्या महत्त्वाच्या दस्तांच्या प्रमाणित नकला गरज नसतानाच काढून ठेवाव्यात, तालुक्याला दुसऱ्या कामाला गेलात की. गरज पडते तेव्हा साहेब रजेवर असतात.

झेरॉक्स काढताना चार गोष्टी.

दोन्ही बाजू काढा. मुद्रांकाच्या मागे विक्रेत्याचा शिक्का, नोंदणी क्रमांक, साक्षीदारांच्या सह्या, अंगठे असतात. मागची बाजू सोडलेली खरेदीखताची झेरॉक्स म्हणजे अर्धं खरेदीखत. दस्ताची सगळी पानं आली का ते दुकानातच मोजा.

जुना कागद फीडरमधून घालू देऊ नका. काचेवर एक-एक ठेवून काढायला सांगा. दुकानदार कंटाळतो, शाळा सुरू होण्याच्या दिवसांत तर फारच. दुपारी दोन-अडीचला जा, तेव्हा त्याला वेळ असतो.

गुळगुळीत कागदाच्या पावत्या, म्हणजे बँकेच्या यंत्रातल्या, वीजबिल भरल्याच्या, काही ठिकाणी घरपट्टीच्याही, उष्णतेने छापलेल्या असतात. त्या वर्ष-दोन वर्षांत कोऱ्या होतात. त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि झेरॉक्सलाच फाईलमध्ये लावा.

आधारची झेरॉक्स कोणाला देताना तिच्यावर आडवं लिहा: 'फक्त अमुक कामासाठी', तारीख, सही. अक्षरं थोडी छपाईवर यायला हवीत, कोऱ्या जागेत लिहिलं तर कापून टाकता येतं. जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

दुकानातल्या संगणकावरून प्रिंट काढलीत तर तिथे उतरवलेली फाईल पुसा, रिसायकल बिनमधूनही, आणि मेलमधून बाहेर पडा. मी एका दुकानात 'डाउनलोड्स' उघडलं तर अख्ख्या वाडीचे आधार तिथे होते.

फोनने स्कॅन

वेगळं यंत्र नको. फोनमध्ये कागद स्कॅन करायची सोय असते, गूगल ड्राइव्हमध्येही आहे. ओटीवर सकाळी नऊ-दहाला, उजेड भरपूर पण थेट ऊन नाही अशा जागी, खाली गडद चादर. कागदावर आपली सावली पडू देऊ नका. रंगीतच काढा. काळा-पांढरा केला की निळी सही आणि जांभळा शिक्का यांतला फरक जातो आणि प्रत की मूळ हे कळेनासं होतं. स्कॅनर मिळाला तर 300 डीपीआय पुरतं. मोडीच्या आणि फिकट कागदांना 600.

एक दस्त, एक पीडीएफ. नाव असं द्या की दहा वर्षांनी दुसऱ्याला कळेल: '1987-खरेदीखत-सर्व्हे-नंबर-हिस्सा-नंबर-आजोबांचं नाव'. 'स्कॅन 0043' नावाच्या दोनशे फायली म्हणजे पुन्हा ट्रंकच.

कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबून लहान होतो, शिक्क्यातली अक्षरं पुसट होतात. खरं तर व्हॉट्सअ‍ॅप ही साठवायची जागाच नव्हे. फोन बदलला की निम्म्या फायली 'उपलब्ध नाही'.

तीन जागी ठेवा: एक ऑनलाइन, एक पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवर घरी, एक दुसऱ्या गावी. आपल्याला ही तिसरी सोय आपसूक आहे. प्रत्येक घराचं कोणी ना कोणी मुंबई-ठाण्याला असतं. गावच्या पेनड्राइव्हचं पातं खाऱ्या हवेने काळं पडतं, म्हणून तो झिपच्या पिशवीत ठेवा आणि वर्षातून एकदा लावून फायली उघडतात का ते बघा.

डिजिलॉकर, म्हणजे कागद ऑनलाइन ठेवायची सरकारी सोय, त्याबद्दल एक घोळ हमखास होतो. त्यात दोन कप्पे आहेत. संबंधित खात्याने थेट दिलेले कागद, म्हणजे वाहन परवाना, पॅन, बोर्डाच्या अलीकडच्या गुणपत्रिका, हे कायद्याने मूळ कागदासारखेच मानले जातात. तुम्ही स्वतः चढवलेला स्कॅन मात्र स्कॅनच राहतो. खरेदीखताचा फोटो चढवून 'आता सरकारकडे आहे' असं समजू नका.

आणखी एक, खास आपल्याकडचं. म्हाताऱ्या आईच्या आधारला मोबाइल क्रमांक असतो मुंबईतल्या मुलाचा, तोही जुना, बंद पडलेला. ओटीपी जातो कुठे, देव जाणे. सगळं डिजिटल करायच्या आधी आधारला चालू क्रमांक जोडून घ्या, आणि तो गावात राहणाऱ्या माणसाचा असू द्या.

घरात लहान मूल असेल तर त्याचा जन्मदाखला वेगळा जपा. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, त्या तारखेपासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्माचा पुरावा म्हणून तोच चालणार आहे. जन्म 21 दिवसांत नोंदवला तर खर्च नाही. नावाचं स्पेलिंग तिथेच तपासा.

डबा आणि त्याची जागा

पत्र्याची ट्रंक निवृत्त करा. सांध्यांना गंज चढतो, झाकण कधीच घट्ट बसत नाही, आणि उंदराला तिच्या कोपऱ्यातली फट पुरते. झाकणाला रबराची कड असलेला जाड प्लॅस्टिकचा डबा घ्या, फुलस्केप फाईल आडवी मावेल असा.

आता सर्वांत महत्त्वाचं: हवाबंद डबा आत असलेली हवाच बंद करतो. जुलैत भरलात तर जुलैची ओल आत कोंडलीत. भर पावसात नवा डबा आणून घाईघाईने कागद भरणाऱ्यांची तक्रार असते की डब्यानेच कागद कुजवले. दिवाळीनंतर किंवा एप्रिलात, कोरड्या दुपारी, कागद तासभर वाऱ्यावर ठेवून मग भरा आणि पावसाळाभर शक्यतो उघडू नका. रोज लागणाऱ्या झेरॉक्स बाहेर वेगळ्या फाईलमध्ये असू द्या, म्हणजे उघडायची वेळच येत नाही.

आत सिलिका जेलच्या पुड्या घाला, कागदाला न टेकतील अशा. रंग बदलणारी नारिंगी जात बरी, ओल प्यायली की हिरवी होते आणि बदलायची वेळ कळते. कसरीसाठी वेखंडाचा तुकडा मलमलीच्या पुरचुंडीत. आजी पोथ्यांच्या बासनात तेच ठेवायची. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण कडकडीत वाळलेला. ओलसर पाला टाकून मी एका फेरफारावर पानाची हिरवी नक्षी उठवून घेतली आहे. डांबराच्या गोळ्या किड्यांना पळवतात, ओलीचं काही करत नाहीत.

कागद गुंडाळायला धुतलेलं पांढरं सुती कापड, पण खळ न घातलेलं. खळ हे कसरीचं जेवण. चिकट, वास मारणाऱ्या स्वस्त प्लॅस्टिकच्या कव्हरात झेरॉक्स ठेवू नका. तिची शाई प्लॅस्टिकला चिकटते आणि उलटी अक्षरं कव्हरवर राहतात. ठेवायचंच तर मध्ये कोरा कागद घाला.

जागा कुठली? चिऱ्याच्या घराची बाहेरची भिंत, विशेषतः पश्चिमेची, पावसाळाभर पाणी पिते. त्या भिंतीतलं फडताळ कितीही सोयीचं वाटलं तरी नको. माळाही नको. कौल सरकलं तर पहिली धार तिथेच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे छपरंच उडाली, तेव्हा माळ्यावरचं सगळं अंगणात होतं. माजघरातल्या आतल्या भिंतीजवळ, जमिनीपासून वर, भिंतीपासून चार बोटं सुटं असं कपाट उत्तम. लाकडी मांडणीला वाळवी लागत असेल तर लोखंडी रॅक.

बँकेचा लॉकर चांगला, पण दोन गोष्टी विचारून घ्या. तळमजल्यावर आहे का, आणि गावात पूर आला तर पाणी कुठवर येतं. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटींपर्यंत आहे. पूर, वादळ, वीज यांना बँक जबाबदार नाही, तिचा निष्काळजीपणा नसेल तर. लॉकरला नामनिर्देशन करा. आणि मृत्युपत्र फक्त लॉकरमध्ये ठेवू नका, माणूस गेल्यावर लॉकर उघडेपर्यंत ते कोणाला दिसत नाही. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण कधीही करता येते. ते बंद लिफाफ्यात निबंधकाकडे ठेवायचीही कायद्यात सोय आहे.

कर्जासाठी बँकेत दिलेले मूळ कागद लोक विसरतात. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत बँकेने ते परत द्यायचे असतात. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. 1 डिसेंबर 2023 पासूनचा हा नियम आहे. कर्ज घेतानाच बँकेकडून कागदांची यादी सही-शिक्क्यानिशी घ्या.

पाणी आलं तर

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा बाजारपेठेतल्या लोकांना वरच्या मजल्यावर पळायला जेमतेम वेळ मिळाला. ज्यांचे कागद एका पिशवीत होते त्यांनी ते नेले. ज्यांचे चार कपाटांत होते त्यांचे चिखलात गेले. नदीकाठी, खाडीकाठी, डोंगराच्या पोटाशी राहत असाल तर पहिला ढीग आणि दुसऱ्यातला निवडक भाग एका जाड झिप-पिशवीत, ती पिशवी एका सॅकमध्ये, आणि सॅक जून ते सप्टेंबर दाराजवळच्या खुंटीवर. आगोटीच्या कामांत हे एक काम वाढवा.

भिजलेच तर पहिले दोन दिवस महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. चिपळूणच्या आत्याच्या घरचे कागद आम्ही तसे वाचवले, सगळे नाही. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. चिखल असेल आणि शाई पक्की, म्हणजे छापील किंवा झेरॉक्सची असेल, तर स्वच्छ पाण्याच्या पसरट परातीत गठ्ठा अलगद हलवा. फाउंटन पेनाचा, जेल पेनाचा मजकूर पाण्यात घालू नका. मग सपाट जागी कोऱ्या वर्तमानपत्री कागदावर पसरा. छापलेलं वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. पंखा लावा, पण वारा छताकडे जाईल असा. हेअर ड्रायर, इस्त्री, चूल, ऊन, काही नाही.

कागद फार असतील आणि एकदम वाळवणं शक्य नसेल तर छोटे गठ्ठे करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. मग थोडे थोडे काढून वाळवत बसा. तेव्हा चिपळुणात वीज नव्हती म्हणून आम्ही गठ्ठे घाट चढून दुसऱ्यांच्या फ्रीझरमध्ये नेले. त्यांच्या आइसक्रीमशेजारी आत्याचं खरेदीखत तीन आठवडे होतं.

मोडीचे कागद

हे काय आहेत म्हणून टाकू नका आणि काहीतरी मौल्यवान असेल म्हणून कोणाच्या हातीही सोपवू नका. आधी नीट स्कॅन, मग वाचन. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग आणि परीक्षा घेतं. त्या उत्तीर्ण झालेले वाचक जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत. त्यांना स्कॅन पाठवा, मूळ घरी ठेवा. लिप्यंतर मिळालं की तारीख आणि वाचकाच्या सहीनिशी एक प्रत मूळ कागदासोबतच ठेवा.

यादी

शेवटचं काम, बसून करायचं. वहीच्या एका पानावर रकाने: कागद, मूळ कुठे, स्कॅन कुठे, नक्कल आहे का. याची एक प्रत डब्यात, एक मुंबईच्या भावंडाकडे. कागद कोणी बाहेर नेला की त्याच्या जागी चिठ्ठी ठेवायची: कोणी, कधी, कशासाठी. भावाभावांत 'मूळ तूच नेलंस' हे भांडण या चिठ्ठीने वाचतं. निदान लहान तरी होतं.

आमच्या डब्याच्या झाकणाला आतून अशी एक पट्टी चिकटवलेली आहे. वरच्या ओळी माझ्या अक्षरात. खालची पुतणीच्या: '32 म, झेरॉक्स नेली, मूळ डब्यातच. पुड्या हिरव्या झाल्यात काका, बदला.'